‘जरा ब्रेक दाब गं!’

डहाणूच्या एका भगिनीचं चार पानी पत्र आलं आहे. त्यातली साडेतीन पानं मिस्टरांच्या कौतुकाची! गृहस्थ हौशी आहेत. मिक्सर उघडतात, गिझर उघडतात आणि विशेष म्हणजे उघडलेलं पुन्हा जोडतातही. आता त्यांनी गाडीचे मागचे ब्रेक घरीच बदलायचं मनावर घेतलं आहे. वापीहून सामान आलंय, रविवार ठरलाय. बाईंच्या वाट्याला काम एकच. हाक आली की ओल्या हातानं बाहेर यायचं, स्टिअरिंगपुढे बसायचं आणि ‘दाब’ म्हटलं की दाबायचं, ‘सोड’ म्हटलं की सोडायचं. खरा प्रश्न मात्र शेवटच्या चार ओळींत आहे. त्यांची आई तलासरीला आजारी आहे. आठवड्यातून दोनदा त्या स्वतः ही गाडी घेऊन, मागे दोन मुलं बसवून, चारोटी नाक्यावरून हमरस्त्यानं माहेरी जातात. तर या घरी केलेल्या ब्रेकवर विश्वास ठेवायचा का? आणि ठेवायचा तर काय पाहून?

भगिनी, प्रश्न रास्त आहे, आणि तो विचारायला तुम्हाला ‘मला यातलं काही कळत नाही’ अशी प्रस्तावना करायची गरज नव्हती. मागच्या ब्रेकचं काम घरी होतं, पण सगळं नाही. झिजलेले लायनर काढून नवे बसवणं सवयीच्या हाताला जमण्याजोगं आहे. ब्रेक ऑइलचा मार्ग उघडावा लागला की मात्र मेकॅनिकच हवा. ही रेघ कुठे आहे ते तुम्हालाही माहीत असायला हवं, कारण त्या गाडीत मुलांना घेऊन तुम्ही बसणार आहात.

आणि ब्रेक म्हणजे पुरुषांचा प्रांत असं कुणी म्हणालं तर त्यांना बर्था बेंझ या बाईंची गोष्ट सांगा. मोटारीचा शोध लावणाऱ्या कार्ल बेंझ यांच्या त्या पत्नी. ऑगस्ट १८८८ मध्ये, नवऱ्याला न सांगता, त्याची तीन चाकी मोटार आणि दोन मुलगे घेऊन त्या जर्मनीत मानहाइमहून फोर्झहाइमला निघाल्या. कुठे, तर माहेरी! वाट सुमारे शंभर किलोमीटरची. इंधनाची नळी तुंबली ती त्यांनी टोपीच्या पिनेनं मोकळी केली. उतारावर लाकडी ब्रेक झिजू लागले, तेव्हा वाटेतल्या एका गावी जोडे शिवणाऱ्याकडून त्यांवर चामडं ठोकून घेतलं. ब्रेकचं पहिलं लायनर म्हणतात ते हेच. ड्रम ब्रेक त्यानंतर आला, १९०२ च्या सुमारास फ्रान्सच्या लुई रेनॉ यांनी तो चालू केला.

आता ड्रम ब्रेक म्हणजे काय ते पाहू. एक पालथं पातेलं गरगर फिरतंय अशी कल्पना करा. आत दोन्ही हात घालून बाहेरच्या बाजूला दाबले तर पातेलं थांबेल की नाही? ते पातेलं म्हणजे ड्रम, चाकाबरोबर फिरणारा. हात म्हणजे दोन अर्धचंद्राकृती लोखंडी ‘शू’, आणि तळव्यांवरची कातडी म्हणजे लायनर. पेडल दाबलं की ब्रेक ऑइलच्या दाबानं व्हील सिलिंडरमधले दोन छोटे दट्टे बाहेर सरकतात आणि शूंना ड्रमच्या भिंतीवर रेटतात. पाय काढला की स्प्रिंगा शूंना मागे ओढतात. बस, एवढंच यंत्र आहे. पूर्वीच्या अँबॅसिडरला आणि प्रीमियर पद्मिनीला चारही चाकांना हेच असत. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली, तिला पुढे डिस्क आणि मागे ड्रम. आजच्या बहुतेक लहान गाड्यांत हीच मांडणी आहे.

गाडी थांबताना सगळा भार पुढे कलतो, त्यामुळे थांबवण्याचं मोठं काम पुढचे ब्रेक करतात. म्हणूनच मागचे निकामी होत चालले तरी रोजच्या बाजारहाटात ते लक्षात येत नाही. घरातलं एखादं सोशिक माणूस जसं दुखणं सांगत नाही, तसं. लक्षात येतं ते गाडी भरलेली असताना. पाच माणसं, डिकीत चिकूचे खोके, आणि जव्हारच्या घाटातला उतार, अशा वेळी मागच्या चाकांनाही आपला वाटा उचलावा लागतो. पावसात एकच बाजू पकडली तर गाडीची शेपटी घसरते. शिवाय लहान गाड्यांचा ओढायचा हँडब्रेक असतो तो याच मागच्या शूंवर.

हँडब्रेकचा दांडा पूर्वीपेक्षा वर येऊ लागणं, पेडल खोल जाणं, मागून खरखर येणं, ही झीज झाल्याची चिन्हं. मागच्या टायरच्या आतल्या बाजूला ओल दिसली किंवा बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या टाकीची पातळी पुन्हा पुन्हा उतरू लागली, तर ती झीज नव्हे, गळती. गळती असेल तर रविवारची वाटच पाहू नका. गाडी तिथेच उभी करा आणि मेकॅनिकला घरी बोलवा.

तर रविवारकडे वळू. मिस्टरांचा उत्साह मोडायचा नाही, पण चहाचा कप द्यायच्या निमित्तानं काही गोष्टी डोळ्याखालून घालायच्या.

पहिली गोष्ट जागा. वाडीतल्या मऊ मातीत जॅक हळूहळू रुततो आणि गाडी कलते. फरशी किंवा काँक्रीट हवं, तेही सपाट. ड्रम काढायचा म्हणजे हँडब्रेक सोडावाच लागतो, आणि मागची चाकं तर उचललेली! मग गाडी धरून कोण ठेवणार? पुढची चाकं. त्यांच्या पुढे आणि मागे चांगले दगड किंवा लाकडाचे ठोकळे हवेत, आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये. पण ईकोसारखी मागच्या चाकांवर चालणारी गाडी असेल तर गिअरचा इथे उपयोग नाही, ठोकळ्यांवरच सारी मदार. चाकाचे नट चाक जमिनीवर असतानाच थोडे सैल करून घ्यायचे. आणि नुसत्या जॅकवर काम नको. जॅक उचलण्यासाठी असतो, पेलून धरण्यासाठी लोखंडी स्टँड वेगळा मिळतो. तो नसेल तर त्या दिवशी काम नाही, इतकं स्पष्ट सांगा. विटा रचून भागवू म्हणाले तर अजिबात ऐकू नका, भाराखाली वीट एका क्षणात फुटते.

दुसरी गोष्ट, एका वेळी एकच बाजू. ड्रम काढला की आत स्प्रिंगांचा संसार दिसतो आणि कोणती कुठे होती ते दहा मिनिटांत विसरायला होतं. दुसरी बाजू जोडलेली असेल तर ती उघडून पाहता येते. मोबाइलनं दोन-चार फोटोही घ्या, हे काम मुलीला सांगा, आवडीनं करेल. डाव्या-उजव्या बाजूचं सामान मात्र एकमेकांत मिसळायचं नाही. शूंमधलं अंतर राखणारा जो ॲडजस्टर असतो, त्याचे आटे पुष्कळ गाड्यांत दोन्ही बाजूंना उलटसुलट असतात.

ड्रम सहजी निघत नाही, त्यातून आपला समुद्रकाठ! खाऱ्या हवेनं आणि चार महिन्यांच्या पावसानं तो गंजून बसलेला असतो. मारुतीच्या बऱ्याच गाड्यांत मधली टोपी काढून स्पिंडलचा मोठा नट सोडावा लागतो, ड्रमबरोबर बेअरिंगही बाहेर येतं. हा नट ठोकून बसवण्याच्या जातीचा असेल तर जुना पुन्हा लावायचा नाही, नवा आणायचा, आणि तो किती ताकदीनं आवळायचा हे ठरलेलं असतं. तेवढं मोजणारा पाना घरी नसेल, तर या गाड्यांचं काम पहिल्यापासूनच गॅरेजमध्ये केलेलं बरं. दुसऱ्या काही गाड्यांत ड्रम नुसता बसवलेला असतो आणि त्याला आट्यांची दोन भोकं असतात. त्यांत बोल्ट घालून दोन्ही सारखे आवळत गेलं की ड्रम सुटतो. कडेवर हातोड्याचे घाव घालायचे नाहीत. ड्रम बिडाचा असतो, बीड तडकतं.

आता सर्वांत महत्त्वाचं, आणि हे थेट तुमच्यासाठी. ड्रम बाहेर असताना पेडलला कुणाचाही पाय लागता कामा नये. ड्रमची भिंत नसेल तर सिलिंडरमधले दट्टे अडणार कशाला? एका दाबात ते बाहेर पडतात, ब्रेक ऑइल सांडतं, हवा आत शिरते आणि तासाभराचं काम दोन दिवसांचं होऊन बसतं. म्हणून ‘जरा ब्रेक दाब गं’ अशी हाक आली की आधी विचारायचं, ‘ड्रम बसवला का?’ उत्तर ऐकल्याशिवाय पाय ठेवायचा नाही. मुलांना ड्रायव्हरच्या जागेवर बसून गाडी-गाडी खेळायची हौस असते, त्या दिवशी दारं कुलूपबंद आणि किल्ली तुमच्या कमरेला.

सिलिंडर कसा आहे हे इथेच कळतं. त्याच्या दोन्ही टोकांना रबराच्या टोप्या असतात, त्यांची कड हलकेच उचलून पाहायची. आत कोरडं असेल तर पुढे चला. ओलं असेल, चिकट पाझर दिसला, तर थांबा. हीच ती रेघ. गळक्या सिलिंडरवर नवे लायनर चढवणं म्हणजे गळक्या छपराखाली नवी गादी घालण्यासारखं. ब्रेक ऑइल लागलेलं लायनर घासून, धुऊन, उन्हात ठेवून पुन्हा कामाला येत नाही, ते टाकूनच द्यायचं. ‘थोडंसंच ओलं आहे, चालेल’ असं म्हणण्याचा मोह होईल. तुम्ही म्हणा, चालेल, पण थांबणार नाही.

कोरडं असेल तर जुने शू काढून नव्यांशी ताडून पाहा. जुन्यांवर लायनर दीड-दोन मिलिमीटर उरलं असेल तर बदलायची वेळ झालीच, नक्की आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तकात पाहा. दोन्ही चाकांचे मिळून चार शू असतात, चारही एकदम बदलायचे. एका बाजूला नवे आणि दुसरीकडे जुने ठेवले तर गाडी थांबताना ओढली जाते. स्प्रिंगा पकडीनं काढताना डोळ्यांवर चष्मा हवाच, सुटलेली स्प्रिंग कुठे जाईल सांगता येत नाही. ड्रमच्या आत बोट फिरवा. चरे जाणवले, कडेला उंबरा झालेला दिसला, तर लेथवाल्याकडे पाठवायचा. किती मोठा होईपर्यंत चालतो तो आकडा बहुधा ड्रमवरच कोरलेला असतो, त्याच्या पलीकडे गेला तर नवाच घ्यायचा.

इथे एक घरगुती सवय आड येते. काही काळवंडलं, तेलकट झालं की आपल्याकडे बाटली निघते ती रॉकेलची किंवा पेट्रोलची. ब्रेकच्या जवळपास दोन्ही नकोत. त्यानं सिलिंडरमधली रबरं फुगतात. ब्रेक ऑइलचं नाव ऑइल असलं तरी नेहमीच्या गाड्यांत ते तेल नसतंच, वेगळंच रसायन असतं ते, आणि इंजिनचं तेल त्यात चमचाभर जरी मिसळलं तरी सगळी रबरं खराब होतात. पुसायला ब्रेक क्लीनर मिळतो तो घ्या. ग्रीस लागतं ते मागच्या पत्र्यावर शू जिथे घासतो तेवढ्याच ठिपक्यांवर, काजळाच्या बोटाइतकं. लायनरला ग्रीसचा हात लावायचा नाही.

जोडून झालं, ड्रम बसला, चाक हातानं फिरवलं. किंचित घासल्याचा आवाज यावा, पण चाक अडू नये. दोन्ही बाजू झाल्या की मग तुमची पाळी. पेडल दहा-बारा वेळा सावकाश दाबा, हँडब्रेक ओढा, सोडा. पुष्कळ गाड्यांत ॲडजस्टर आपोआप सरकतो, लक्ष दिलं तर बारीक ‘कट्’ असा आवाज ऐकू येतो. पेडल हळूहळू वर येईल आणि पायाखाली घट्ट लागेल. स्पंजासारखं लागलं, किंवा दाबून धरल्यावर हळूहळू खाली जात राहिलं, तर आत हवा आहे किंवा कुठेतरी गळतंय. मग गाडी फाटकाबाहेर नाही.

हवा काढायचं काम मेकॅनिक घरी येऊन करतो तेव्हाही बसायला तुम्हालाच सांगतात, म्हणून त्यातली खूण सांगून ठेवते. ‘दाब’ म्हटलं की दाबायचं आणि धरून ठेवायचं. चाकाजवळची निपल उघडल्यावर पेडल एकदम पायाखालून खाली जाईल. दचकून पाय उचलायचा नाही! निपल बंद झाल्याचं सांगितल्यावरच सोडायचं. मध्ये सोडलं तर बाहेर गेलेली हवा पुन्हा आत ओढली जाते. दोघांनीही शब्द आधी ठरवून घ्यावेत, ‘हं’ आणि ‘हां’ यांनी फार घोटाळे होतात. एबीएसच्या गाडीत हवा आत गेली असेल तर हे काम सरळ त्याची साधनं असलेल्या गॅरेजकडे द्यावं.

चाकाचे नट एकाआड एक, समोरासमोरचे असे आवळायचे आणि गाडी खाली उतरवल्यावर पुन्हा एकदा. मग परीक्षा. आधी आवारात माणसाच्या चालीनं, पुढे एकदा, मागे एकदा. मग रिकाम्या गल्लीत वीसच्या वेगानं. गाडी सरळ थांबते की एकीकडे ओढते? दोन-तीन किलोमीटरनंतर उतरून मागच्या दोन्ही चाकांजवळ तळवा न्या, टेकवू मात्र नका. एक चाक दुसऱ्यापेक्षा फार तापलं असेल तर ते घासत राहिलं आहे, पुन्हा उघडायला हवं. हँडब्रेक हलक्या चढावर ओढून पाहा. पहिले दोन-तीनशे किलोमीटर नवं लायनर ड्रमशी जुळून घेत असतं, तेवढ्यात जव्हारचा घाट नको आणि भरलेली गाडीही नको.

म्हणजे भगिनी, तुमचं उत्तर असं. सिलिंडर कोरडे होते हे तुम्ही स्वतः पाहिलं, पेडल घट्ट आहे, गाडी सरळ थांबते, चाकं सारखी गरम होतात आणि दोन-चार दिवस गावात तुम्ही स्वतः ती चालवली, तर आईकडे जायला हरकत नाही. निघताना मेकॅनिककडून एकदा चाक उघडून तपासून घेतलंत तर उत्तमच, त्यात मिस्टरांचा अपमान नाही. यातलं एक जरी चुकलं तर त्या आठवड्यात बस किंवा रिक्षा. हमरस्त्यावर तलासरी-अच्छाडच्या बाजूला तुमच्या पुढे-मागे गुजरातेत जाणारे भरलेले ट्रेलर असतात. त्यांच्यामध्ये ब्रेकची परीक्षा घ्यायची नसते.

काम संपलं तरी घरातलं काम संपत नाही. ड्रममध्ये काळी भुकटी साचलेली असते. ती फुंकायची नाही, झाडूनं झटकायची नाही. पाण्याचा फवारा मारून ओल्या फडक्यानं टिपायची आणि फडकं पिशवीत बांधून टाकायचं. काम करणाऱ्यानं चांगला मास्क लावावा. जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि नुसतं पाहून ते ओळखता येत नाही. १९६५ साली लंडनमधल्या रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यात ज्यांनी कधी काम केलं नव्हतं अशा काही स्त्रियांना फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग झालेला आढळला. घरातलं माणूस तिथे कामाला होतं आणि त्याचे धुळीचे कपडे त्या घरी धूत होत्या, एवढाच त्यांचा संबंध. एका रविवारची धूळ म्हणजे कारखान्यातली रोजची धूळ नव्हे, घाबरून जायचं कारण नाही. पण ते कपडे अंगणातच ओल्या कपड्यानं पुसून, न झटकता, वेगळे भिजवा आणि वेगळे धुवा. मुलांच्या गणवेशाबरोबर मशीनमध्ये नकोत.

ब्रेक ऑइल उरलं तर ते त्याच्याच बाटलीत राहू द्या. सरबताच्या, खोबरेल तेलाच्या बाटलीत कधीही ओतू नका, ते विष आहे. बूच उघडं राहिलं तर ते हवेतला ओलावा ओढून घेतं आणि कुचकामी होतं, डहाणूच्या हवेत तर फारच लवकर. फोडलेली बाटली वर्षभर सांभाळण्यात काटकसर नाही. गाडीच्या रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाण्यानं धुवा, नाहीतर रंग उठतो. जुनं ऑइल चिकूच्या आळ्यात किंवा गटारात न ओतता गॅरेजवाल्याच्या जुन्या तेलाच्या पिंपाकडे पाठवा.

तलासरीच्याच एका भगिनीचा छोटा प्रश्नही याच टपालात आहे. पावसाळ्यात गाडी आठ दिवस उभी होती, आता हँडब्रेक सोडला तरी मागची चाकं फिरत नाहीत. बाई, शू ओलाव्यानं ड्रमला चिकटले आहेत. ॲक्सिलरेटर दाबून ओढाताण करू नका, लायनर शूपासून सुटून येतं. गाडी पुढे-मागे अगदी हलकेच हलवून पाहा. नाही सुटली तर मेकॅनिक ड्रमवर चार ठोके देऊन मोकळी करील. पुढच्या वेळी गाडी बरेच दिवस उभी ठेवायची असेल तर सपाट जागा पाहा, पहिला गिअर टाका, चाकांना दोन्हीकडून दगड लावा आणि हँडब्रेक सोडून ठेवा. पाण्यातून गाडी काढल्यावर थोडं अंतर हळू चालवत ब्रेक हलके दाबत राहा, म्हणजे लायनर वाळतात. सकाळी पहिल्या एक-दोन दाबांना येणारी खरखर रात्रीच्या गंजाची असते, ती आपोआप जाते. दिवसभर येत राहिली तर ड्रम उघडून पाहायला हवा.